लाल की काळी? इसापूरच्या पाण्यावर एक अर्धवट माशी घेऊन

सहलीला निघताना लोक पर्समध्ये काय काय ठेवतात. माझ्या पर्समध्ये स्टीलचा छोटा डबा होता आणि डब्यात एक अर्धवट बांधलेली माशी. खरी नव्हे. गळाच्या आकड्यावर केस, पिसं, लोकर बांधून माशांना फसवायचं जे सोंग करतात, त्याला इंग्रजीत फ्लाय म्हणतात. आमच्या घरात माशी. माझा नवरा सुधीर रिटायर झाल्यापासून हाच उद्योग करायचा. अमेरिकेतल्या तळ्यांत मस्की नावाचा दांडगा, दातवाला मासा असतो. त्याच्यासाठी बांधतात तसल्या वीतभर लांब माश्या तो व्हिडिओ बघून बांधायचा. बकऱ्याच्या शेपटीचे केस खाटकाकडून, पिसं कोंबडीवाल्याकडून, आणि लोकर माझ्या पिशवीतून, न विचारता.

"मस्की काही आपल्या नशिबात नाही, पण आपली मरळ तितकीच खडूस आहे," असं म्हणून तो महिन्यातून एकदा पुसदजवळच्या इसापूर धरणावर जायचा. दरवेळी म्हणायचा, चल एकदा. मी म्हणायचे, मासे बघायला मला बाजार पुरतो.

गेल्या सप्टेंबरात एका दुपारी टेबलाला लावलेल्या वाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंजात, आकडा धरून त्याने शेपटीचे केस बांधले आणि विचारलं, "अंगाला लाल लोकर लावू की काळी?" मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. "काहीही लाव, मला काय विचारतोस?" म्हटलं. वरसुद्धा बघितलं नाही. त्याच संध्याकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

माशी वाइसमध्येच राहिली. वर्षभर मी टेबल पुसलं, ते तिच्याभोवतीने. नातेवाईक म्हणाले, आवरून टाक आता. पण त्याच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बाकी होतं, आणि ते मला येत नव्हतं. त्याच्या डायरीत इसापूरच्या नाववाल्याचा नंबर सापडला. फोनवर एवढंच बोलले, "सुधीरच्या घरून बोलतेय, शनिवारी येते." पुढचं बोलवेना.

जाणाऱ्यांसाठी सांगते. नागपूरहून वर्धा, यवतमाळ, आर्णी असा रस्ता उत्तम आहे, पुसदकडे वळल्यावर जरा हाडं मोजून होतात. आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट. आर्णीच्या स्टँडवर आलूबोंडा खा, पण तर्री बेतानेच घ्या. दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन. शेजारच्या बाईंनी चौकशी केली.

"कुठी चालल्या जी?"

"धरणावर. मासे पकडायला."

"एकट्याच?" त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "मालक नाई आले?"

"नाही," म्हणून मी पर्समधला डबा चाचपून बघितला.

पुसदला स्टँडजवळच्या लॉजवर राहिले. खोली साधी, चादर स्वच्छ. सकाळी ऑटोने शेंबाळपिंपरीच्या पुढे धरणाच्या काठावर पोचले. तिथे मासेमारीचा ठेका असतो, तेव्हा आधी विचारल्याशिवाय गळ टाकू नका.

नाववाले शंकरभाऊ भोई डब्याने नावेतलं पाणी उपसत होते. साठीचा, वाळका माणूस. माझ्या मागे बघत म्हणाले, "या वैनी. भाऊ कुठी राह्यले?"

सांगावं लागलं. उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी हातातला डबा नावेत ठेवून दिला.

"म्या किती फोन लावले, वैनी. बंदच लागे. मले वाटलं, भाऊ नाराज होऊन गेले." मग बराच वेळ त्यांनी रुमालातून तोंड काढलं नाही. वर्षभर हा माणूस आपलं काय चुकलं ते शोधत बसला होता, आणि मी एक फोन केला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नावेत बसल्यावर मी डबा उघडला. "लाल की काळी, ते तुम्हीच सांगा. एवढ्यासाठीच आले."

त्यांनी माशी तळहातावर घेतली, नावेखालच्या पाण्याकडे बघितलं. पावसाने ते चहासारखं झालं होतं.

"गढूळ पाण्यात काळीच. काळी उठून दिसते न. यात इचाराचं काय हाय?"

"नक्की?"

"अवं, हे तं मले भाऊनंच शिकवलं. त्याईले माईतच होतं."

"मग मला कशाला विचारलं त्याने?"

शंकरभाऊंनी वल्हं उचललं. "ते मले कसं माईत राहीन, वैनी?"

मला मात्र कळलं. त्याला लोकरीचा रंग नको होता. मी एकदा मान वर करून टेबलाकडे बघावं, एवढंच हवं होतं. रडू आलं, ते आवरलं नाही.

सुधीरच्या माश्यांची पेटीही मी सोबत आणली होती. शंकरभाऊंनी तिच्यातली एक जुनी काळी माशी गवताच्या कडेला फेकली आणि झटके देत ओढू लागले. चौथ्या-पाचव्या फेकीला मागे एक काळी सावली आली. मरळ. अगदी नावेपर्यंत माशीच्या मागे मागे, संथ, जणू विचार करत. "सुधीर, बघ!" मी ओरडले. शंकरभाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही. पाणी खळबळलं, मरळ वळली आणि खाली गेली.

त्यांच्या घरी भाकरी आणि झुणका जेवले. पैसे घेईनात, मग सुधीरच्या माश्यांची पेटी त्यांना दिली. अर्धवट माशी तेवढी ठेवली.

घरी येऊन चार दिवस झाले. तुम्ही जा इसापूरला, जमलं तर दोघं जा. काल दुपारी मी माशी पुन्हा वाइसमध्ये लावली. समोर दोन्ही लोकरी ठेवल्या. गढूळ पाण्यात काळीच चालते, हे आता मलाही माहीत आहे. पण त्याने पाण्याला नाही, मला विचारलं होतं.

टेबलाकडे नीट बघत मी म्हटलं, "लाल लाव." आणि दोरा गुंडाळायला घेतला.