धुळ्याच्या गाडीत अडवलेली जागा

मरोळच्या त्या चाळीत एसटीने गावाला जायचं ठरलं की पहिला प्रश्न असायचा, "मालन येत्येय का?" मालन येणार असली की बाकीच्यांनी चहा पिऊन निवांत यावं. गाडी फलाटाला लागते न लागते तोच मालनचं काहीतरी खिडकीतून आत गेलेलं असायचं. रुमाल, टॉवेल, पिशवी, एकदा तर पायातली चप्पल! पण जागा अडवली म्हणजे अडवली. खोक्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पॅकिंग केलेला हात तो, फटाफट चालायचा. आणि तिचा नियम एकच, आधी जागा, मग पाटी. पाटी वाचत बसलात तर कणकवलीपर्यंत उभे राहाल, असं ती बजावायची. गणपतीत त्या फलाटावरच्या सगळ्याच गाड्या कोकणात जायच्या, त्यामुळे तिचं कधी चुकलंही नाही.

बोलण्याचीही तीच तऱ्हा. आधी बोलून मोकळं व्हायचं, विचार नंतर.

नवरा, धाकू, वारला तेव्हा मुलगी श्रुतिका नववीत होती. मालनने ओव्हरटाइम करून तिला शिकवलं. जव्हारच्या शाळेत ती शिक्षिका झाली तेव्हा चाळभर पेढे वाटले. मग पोरीने तिथल्याच चैतन्य नावाच्या मास्तराशी लग्न ठरवलं, तेही आईला न विचारता. झालं! मालन फोनवर म्हणाली, "जा, त्या डोंगरातच मर. मला तोंड दाखवू नको." लग्नाला गेली नाही. श्रुतिकानेही तोंड दाखवलं नाही. आईचीच मुलगी ना ती, कमी कशाला पडेल? दोन वर्षं फोन नाही की काही नाही.

आणि मग एका संध्याकाळी मोबाइलवर चार ओळी आल्या. मुलगी झाली. पुढच्या रविवारी बारसं. बारा वाजता पाळण्यात घालणार. यायचं तर ये.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते सासरी झालं, हे मालनला फार लागलं. कुणाला सांगणार? दोष तर स्वतःचाच होता. ती गोधडी शिवायला बसली. तिची मऊ झालेली लुगडी, धाकूचा एक सदरा, श्रुतिकाची शाळेची निळी ओढणी. आठ दिवस टाके घालत होती. माफी कशी मागतात ते तिला ठाऊक नव्हतं, आयुष्यात कधी मागितलीच नव्हती. गोधडी पोरीच्या मांडीवर ठेवायची आणि गप्प बसायचं, एवढाच तिचा बेत होता. पोरगी ओढणी ओळखेल, मग बोलायला काही लागणारच नाही.

रविवारी सकाळी सहाला मालन बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतल्या स्टँडवर हजर. लग्नसराईचे दिवस, ही गर्दी! जव्हारची गाडी पावणेसातची, नंतरची थेट दुपारी. तेवढ्यात एक लाल गाडी वळून फलाटाला लागली. लोक धावले, आणि मालनचा हात आपोआप उठला. गोधडीची पिशवी चौथ्या खिडकीतून आत, बरोबर सीटवर.

"मावशी, झकास!" मागचा कुणीतरी म्हणाला. "धुळ्याला का?"

"कसलं धुळं? जव्हार."

"ही धुळ्याची गाडी आहे हो."

मालनने वर पाहिलं. पाटीवर धुळे. ती दाराकडे धावली, पण दारात माणसावर माणूस. "अरे मेल्यांनो, सोडा मला! पिशवी आहे माझी आत!" कोण ऐकतंय? आत शिरणारे सगळेच ओरडत होते. एवढ्यात पलीकडच्या टोकाला जव्हारची गाडी लागली, भरली, आणि कंडक्टरने दाराला हात घातला.

मालन मध्ये उभी. इकडे गोधडी, तिकडे बारसं. गोधडीशिवाय गेलं तर पोरीपुढे उभं कसं राहायचं? आणि गोधडीपायी थांबलं तर पोरगी म्हणणार, आई आलीच नाही. पुन्हा आली नाही.

ती जव्हारच्या गाडीत चढली. जागा अर्थातच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मालन एसटीत दांडा धरून उभी राहिली आणि ढसाढसा रडली. कंडक्टर शिवदास, पन्नाशीचा माणूस, तिकीट फाडता फाडता थांबला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दोन-तीन फोन फिरवले. मनोरच्या पुढे त्याचा मोबाइल वाजला.

"मावशी, पिशवी सापडली. उद्याच्या परतीच्या गाडीने येईल बोरिवलीला. आणि ऐका, भिवंडी गेली तरी त्या सीटवर कुणी बसलेलं नाही. लोक उभे आहेत, पण जागा कुणीतरी अडवलीये म्हणून कुणी हात लावला नाही."

मालनला हसू आलं आणि पुन्हा रडूही आलं. विक्रमगडनंतर घाट लागला. गाडी वळणावर कलायची तशी तीही कलायची आणि मनात शब्द जुळवायची. एकही धड जुळेना.

साडेअकराला ती विचारत विचारत घरापाशी पोचली. ओटीवर चपला, आत पाळणा, भोवती बायका. मधोमध श्रुतिका बाळ घेऊन उभी, वाळलेली, डोळ्यांखाली काळं. आईला पाहून तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं. बायका वळून बघायला लागल्या.

"गोधडी शिवली होती," मालन दारातूनच म्हणाली. "धुळ्याच्या गाडीत गेली."

"धुळ्याच्या?" श्रुतिकाचा विश्वास बसेना. "तू? पाटी नाही वाचलीस?"

"नाय वाचली. मी कधीच नाय वाचली, बाय. तेव्हा फोनवर पण... आधी टाकलं, मग बघितलं." एरवी चाळीत कधी न निघणारी गावची बोली तिच्या तोंडात आली. "चुकला गो माझा. खूप चुकला."

श्रुतिकाने पदराने नाक पुसलं आणि पाळण्यापलीकडे उभ्या असलेल्या बाईला म्हणाली, "काकू, जरा सरकता का? तिथे आई उभी राहील."

मालन आत आली. हातांचं काय करावं ते तिला कळेना. तिने ते लुगड्याला पुसले.

"पुसतेस काय? रिकामेच आहेत ना?" श्रुतिका म्हणाली. "मग वाक खाली. मी पाळण्याखालून देते, तू घे."

मालन वाकली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.