मागीलप्रमाणे

पेन्सिलबाईंना निवृत्त होऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं आणि त्या खिडकीत बसून वाट पाहत होत्या. कोणाची, ते गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नसती. कारण वाट माणसाची नव्हतीच, एका वहीची होती. ती वही कोणाच्या तरी काखेतून दारोदार फिरते आहे, की नगरपालिकेच्या कपाटात वाळवीच्या तोंडी गेली आहे, एवढं त्यांना डोळे मिटण्यापूर्वी कळायला हवं होतं.

वहीची हकीकत जुनी आहे. शहराच्या पुढून नदी आणि मागे टेकडी, म्हणजे पुढून पाण्याची भीती आणि मागून दरडीची. अशा शहराला संकट येण्याआधीच्या तयारीचा एक आराखडा लागतो. तो नगरपालिकेत होताही, तीनशे पानांचा, हिरव्या पुठ्ठ्याचा. पंप किती, नावा किती, पुरात आसऱ्याला उघडायच्या शाळेची चावी कोणाकडे, कुठली भिंत उंच करायची, कुठला नाला साफ करायचा, सगळं त्यात होतं. दर पाच वर्षांनी तो नवा करून वरच्या ऑफिसातून मंजूर करून आणायचा. नवा करायची रीतही ठरलेली होती. मुखपृष्ठावरचं साल बदलायचं आणि आत प्रत्येक रकान्यात लिहायचं, ‘मागीलप्रमाणे’. पंप? मागीलप्रमाणे. नावा? मागीलप्रमाणे. असं करत करत तो आराखडा वीस वर्षं तरुण राहिला होता.

बाई तिथे कारकून म्हणून लागल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. नव्याचे नऊ दिवस असतात, त्यातल्या तिसऱ्या दिवशी त्यांनी एक आगाऊपणा केला. आराखड्यातल्या नंबरांवर फोन लावून पाहिले. शाळेची चावी ज्यांच्याकडे होती त्यांच्या घरी एका बाईने फोन उचलला.

“ते वारले हो. तीन वर्षं झाली. काही निरोप होता का?”

निरोप काय असणार! फोन ठेवून बाई पंप बघायला गेल्या. कागदावर चार होते. दोन चालत होते, तिसऱ्याच्या खोक्यात मांजरीने पिल्लं घातली होती आणि चौथा कोणी कधी पाहिलाच नव्हता. साहेबांना सांगितलं तर साहेब म्हणाले, “अहो, पाणी आलं की बघू.” बैल गेल्यावर झोपा करायची ही रीत बाईंना काही केल्या पटेना. त्यांनी स्वतःच्या पैशाने एक जाड वही आणली आणि पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. पेन्सिलच का? तर शाईने लिहिलेलं बदलायचा माणसाला कंटाळा येतो, म्हणून. तेव्हापासून त्या पेन्सिलबाई झाल्या, आणि त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

पुढची पस्तीस वर्षं दर कोरड्या ऋतूत त्या नदीकाठच्या सगळ्या गल्ल्या पायी फिरल्या. काय दिवस होते ते! कानामागे पेन्सिल, काखेत वही, पर्समध्ये खोडरबर आणि शिळी पोळी. सुरुवातीला लोक दार लावून घ्यायचे. “आल्या पेन्सिलबाई, आता पाणी आणतात,” म्हणायचे. मग सवय झाली, आणि एखाद्या वर्षी यायला उशीर झाला तर लोकच चौकशी करू लागले. दारात उभं राहून बाई तीन प्रश्न विचारायच्या. घरात किती जण? एकट्याने चालता येत नाही असं कोण आहे? आणि तिसरा, हाक मारली तर आधी कोण येईल?

पहिल्या दोन प्रश्नांना लोक भराभर उत्तरं द्यायचे. तिसऱ्याला अडायचे. एकदा एका शिंप्याने छाती फुगवून सांगितलं, “आमची ही येईल की.” आतून आवाज आला, “बघू.” बाईंनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. पुष्कळदा लोक म्हणत, “तुम्ही आहातच की, बाई.” त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, “माझं नाव नको. मी तेव्हा फोनवर असेन. शेजारचं सांगा.” शेजाऱ्याचं नाव सांगितलं तरी त्या तिथे थांबत नसत. शेजारी जाऊन त्याच्या तोंडून ‘हो’ ऐकल्याशिवाय पेन्सिल वहीला लागत नसे. या एका प्रश्नापायी गल्ल्यागल्ल्यांतली कितीतरी भांडणं मिटली आणि दोन-चार नवी सुरूही झाली.

कागदी घोडेही त्यांनी कमी नाचवले नाहीत. इस्पितळाचा जनरेटर तळघरात होता, म्हणजे पहिलं पाणी त्यालाच भेटणार. तो गच्चीवर न्यावा म्हणून बाईंनी सात वर्षं पत्रं लिहिली. आठव्या वर्षी क्रेनने जनरेटर वर चढला. त्या दिवशी बाई रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून बघत होत्या, आणि घरी जाऊन आईला म्हणाल्या, “आज माझं लग्न लागलं म्हण.” आईने कपाळावर हात मारला.

सगळं असंच चाललं असतं तर ही गोष्ट सांगायची गरज नव्हती. पण दिव्याखालीच अंधार असतो.

एका वर्षी फिरणं संपत आलं आणि आई आजारी पडली. इस्पितळ, घर, ऑफिस करता करता बाईंच्या नाकीनऊ आले. सगळ्या गल्ल्या झाल्या होत्या, एक राहिली होती, ती त्यांची स्वतःची. आपलीच गल्ली, रोज तिच्यातूनच जातो-येतो, तिच्यात नवं काय बघायचं? भिंतीला भिंत लागून संगीताचे मास्तर राहत, त्यांच्या व्हायोलिनचा आवाज रोज संध्याकाळी ऐकू यायचा. म्हणजे ठणठणीत आहेत. बाईंनी पेन्सिल घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा, साऱ्या गल्लीपुढे एक उभी रेघ ओढून लिहिलं, ‘मागीलप्रमाणे’.

त्याच वर्षी पाणी आलं. सकाळी नऊला चढायला लागलं आणि दहाला नावा सुटल्या. बाई ऑफिसात फोनवर होत्या. नाववाले घर विचारायचे, बाई वहीतून वाचायच्या. आपल्या गल्लीवर आल्या तेव्हाही आवाज हलला नाही. “मास्तरांचं घर. दोघे, चालते-फिरते. ते शाळेत गेले असतील, पुढे जा.” नाव पुढे गेली.

मास्तरांचे पाय थंडीतच गेले होते. व्हायोलिन ते बसून वाजवत होते. भिंतीपलीकडे ऐकणाऱ्याला ते कसं कळावं? त्यांचा मुलगा, घड्याळं दुरुस्त करणारा, दुकानात होता आणि दुकान पुलाच्या पलीकडे. पूल बंद. तो दोर धरून, कसाबसा पोहत घरी पोचला तोवर पाच तास झाले होते. हातांच्या जोरावर टेबलावर चढून बसलेल्या मास्तरांच्या छातीपर्यंत पाणी होतं आणि व्हायोलिन त्यांनी डोक्यावर धरलं होतं.

ते वाचले. पण छातीतला गारठा काही निघाला नाही. दीड वर्ष खोकले आणि गेले. त्या आजारपणात बाई भेटायला गेल्या तेव्हा बिछान्यातून म्हणाले, “बाई, मी बसून वाजवायचो हो. तुम्हाला तरी कसं कळणार?” त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. मुलाने मात्र दारात अडवून एकच विचारलं.

“ताई, ते नाव तुम्ही वाचलंत ना?”

“हो.”

आईच्या आजाराचं बाईंनी सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं! त्यानंतर घड्याळवाला त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. लहानपणापासून ताई, ताई करत मागे फिरणारा तो पोरगा, भिंतीला भिंत लागून एकोणीस वर्षं मुका राहिला. दर वर्षी त्या दारापुढे बाई वही घेऊन उभ्या राहत. घरात किती जण, याला तो आधी दोन बोटं, मास्तर गेल्यावर एक बोट दाखवी, आणि दार लावून घेई. बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर शाईने, साऱ्या वहीत एकदाच शाईने, लिहून ठेवलं होतं, ‘या वहीत मागीलप्रमाणे असे कोणीही लिहू नये.’

निवृत्तीच्या दिवशी ती वही त्यांनी नव्या इंजिनीयर मुलीच्या हाती दिली. मुलगी हुशार होती, बोलायला गोड होती.

“काळजी करू नका बाई, आता सगळं कॉम्प्युटरवर येईल.”

“येऊ दे. पण पायी फिरशील ना?”

मुलगी हसली. हसणं म्हणजे ‘हो’ नव्हे, हे पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही.

पहिल्या वर्षी कोणी आलं नाही. आराखडा चकचकीत कागदावर छापून निघाला, वर साहेबांचा फोटो. पूर साहेबांच्या फोटोला घाबरतो असं कोणाला वाटत असेल तर वाटो बापडं. बाईंच्या मोबाइलवर एक संदेश आला, ‘आपली माहिती बदलली नसल्यास एक दाबा.’ बाईंनी तो दोनदा वाचला. म्हणजे पुन्हा मागीलप्रमाणेच, फक्त आता बोटाने! त्यांनी काहीच दाबलं नाही. त्या रात्री जेवल्याही नाहीत. पस्तीस वर्षं आपण चाललो ते पालथ्या घड्यावर पाणी, असं त्यांना वाटलं, आणि फार एकटं वाटलं. आई कधीच गेली होती. त्यातच थंडीत न्हाणीघरात पाय घसरला आणि गुडघ्याने दावा मांडला. हे त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. दूधवाल्याला, पेपरवाल्याला खिडकीतूनच हाक मारायच्या, आणि लोकांना वाटायचं, बाईंना खिडकीचा नाद लागला.

आणि आज, अकरा वाजायच्या सुमाराला, गल्लीच्या तोंडाशी ती मुलगी दिसली. कानामागे पेन्सिल. काखेत वही.

बाईंचा जीव भांड्यात पडला. मुलगी आत आली, घाम पुसत बसली.

“बाई, चुकलंच माझं. मागच्या वर्षी शंभरातल्या ऐंशी जणांनी एक दाबलं. त्यातले तीन वारलेले होते. नातवंडांनी दाबलं, खेळता खेळता.”

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग मुलीने वही उघडली. “घरात किती जण?”

“दिसत नाही का? एक.”

“एकटीने चालता येतं?”

आता इतक्या वर्षांची पेन्सिलबाई हिच्यापुढे लंगडत दाखवणार? बाई तोऱ्यात म्हणाल्या, “त्यात काय विचारायचं! लिही, मागीलप्रमाणे.”

मुलीने वहीचं पहिलं पान काढलं आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली. स्वतःच्याच हाताची शाई बाईंनी वाचली आणि त्यांचे कान तापले.

“उठा. दारापर्यंत या,” मुलगी म्हणाली.

बाई उठल्या. टेबल धरलं, मग भिंत धरली, आणि अर्ध्या वाटेत उभ्या राहिल्या.

“लिही,” त्या म्हणाल्या. “एकटीला जमत नाही.”

पेन्सिलीची खरखर झाली. “हाक मारली तर आधी कोण येईल?”

“तू आहेसच की.”

“माझं नाव नको. मी तेव्हा फोनवर असेन. शेजारचं सांगा.”

“शेजारी कोणी नाही.”

नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडे अकराचे ठोके पडायला लागले. एक घड्याळ, दुसरं, पाचवं, सातवं. दुकान विकल्यापासून तो घरीच काम करत असे.

“मग हे कोण?” मुलीने विचारलं.

“त्याला विचारू नकोस. पाया पडते तुझ्या.”

पण ‘हो’ ऐकल्याशिवाय लिहायचं नाही ही रीत बाईंनीच घालून दिली होती. मुलगी गेली. पलीकडे दार वाजलं, तिचा आवाज आला, तीनही प्रश्न आले, आणि मग काहीच ऐकू येईना. बाई भिंतीला धरून उभ्याच होत्या. बसायला खुर्चीपर्यंत जाण्याचं त्राण नव्हतं, आणि मनात एकच होतं, नाही म्हणेल, आणि नाही म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

खुर्ची सरकली. पावलं आली. घड्याळवाला त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. केस पांढरे, कपाळावर सरकवलेलं भिंग. तो मुलीला म्हणाला, “लिहा माझं नाव.” मग त्याने दार बघितलं, कुलूप बघितलं, कडी दोनदा लावून काढून पाहिली.

“दुसरी चावी माझ्याकडे द्या,” तो म्हणाला. “आणि ताई, ही आतली कडी लावत जाऊ नका. मला दार तोडायला जमायचं नाही आता.”

बाईंनी खिळ्यावरची चावी काढून दिली. तो चावी घेऊन गेला.

मुलगी वहीत लिहीत होती. बाईंनी घसा साफ केला.

“पेन्सिलीने लिहिलंस ना?”

“हो, बाई.”

“मग पुढच्या वर्षी त्याला परत विचार. गृहीत धरू नकोस.”

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या.