इंजिनावरचं नाव

माझ्या वडिलांच्या मोटारसायकलच्या इंजिनावर माझ्या आईचं नाव होतं. लग्नात आलेल्या ताटवाट्यांवर नावं घालतात ना, तसं. गाडी नवी असताना बाबांनी इंजिनाचं बाजूचं ॲल्युमिनियमचं झाकण खोललं, पुण्यात भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे नेलं आणि पुढे 'सौ.' लावून आईचं नाव टिंबाटिंबांनी ठोकून आणलं. नातेवाइकांनी 'आता यात आमटी करायची का?' म्हणून भरपूर टर उडवली. आई लाजली होती म्हणे. मी तिला कधी लाजताना पाहिलं नाही, त्यामुळे ते मला खरं वाटत नाही.

आई गेल्यावर मी बाबांना दिल्लीला आणलं. तेव्हा गुडगावात रोज एक नवी काचेची इमारत उभी राहत होती. तसल्याच एका इमारतीत मला नोकरी होती आणि दिल्लीच्या द्वारका भागात एका नव्याकोऱ्या सोसायटीत मी भाड्याने राहत होते. मेट्रो यायची होती, झाडं यायची होती, गोड पाणी यायचं होतं. आली होती फक्त धूळ. बाबांची एकच अट होती, गाडी बरोबर येणार. ती रेल्वेच्या पार्सलने गोणपाटात गुंडाळून आली आणि माझ्या आयुष्यातले रविवार नासले.

रविवारी सकाळी बाबा गाडीचं जे जे सुटं होईल ते ते सोडवून वर आणायचे. हेडलाइटची कडी, ब्रेकचा दांडा, पेट्रोलची पितळी तोटी आणि तेल ठिबकणारं ते झाकण. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून मांडी घालून बसायचे. आधी रॉकेल, मग पॉलिशची पिवळट पेस्ट. तोटीला मात्र चिंच, आई समईला लावायची तशी. आणि मग ती काळी घाण सुरू व्हायची. ॲल्युमिनियमची मला मनापासून किळस आहे ती तेव्हापासून. पितळ घासलं की कधीतरी स्वच्छ होतं, हे होतच नाही. जितकं घासावं तितकं काळं निघतं, जखमेतून पू यावा तसं. चिंध्या काळ्या, फरशी काळी, नळाची चावी काळी. त्याच हातांनी बाबा पोहे खायचे. नखांत काळं, शेंगदाणा बोटांत धरलेला. मी माझं ताट घेऊन आत जायचे.

एकदा माझा टूथब्रश दिसेना. विचारलं तर म्हणाले, "तो जुना झाला होता गं." नव्हता झाला.

खाली सोसायटीतले लोक नव्या गाड्यांना शाम्पू लावायचे. येता-जाता थांबून चौकशी करायचे. "अंकल, ये सौ क्या लिखा है? सौ सीसी का इंजन है?" बाबा हसून मान हलवायचे. सौभाग्यवती म्हणजे काय हे आपल्या हिंदीत समजावणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मला मात्र त्या 'सौ सीसी'ची तिडीक यायची.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. पॉलिश नाव खात होतं. रविवारमागून रविवार झाकण चकाकत गेलं आणि टिंबं उथळ होत गेली. काळी पेस्ट टिंबांत अडकून राहायची, तेवढ्यावर नाव वाचता यायचं. घाणीमुळे वाचता येत होतं, असं म्हणा. बाबांना ते पटत नव्हतं. त्यांनी सेफ्टी पिन घेऊन टिंबं कोरून साफ केली आणि दुसऱ्या दिवशी उजेडात धरलं तर आईच्या नावाची दोन अक्षरं दिसतच नव्हती. त्यांनी झाकण तिरकं धरून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, खिडकीशी नेलं. मग माझ्याकडे दिलं. "तुला दिसतंय का?" त्यांच्या आवाजात असलं काही मी आईच्या वेळी दवाखान्यातसुद्धा ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "थोडं थोडं दिसतंय." दिसत नव्हतं.

"नाव उठवून आणू," बाबा म्हणाले. "पुसून जायच्या आत."

म्हणून आम्ही करोल बागेत गेलो. मोटारसायकलच्या सामानाच्या त्या गल्लीइतकी कळकट जागा मी आजवर पाहिलेली नाही. गटारावर फळ्या टाकलेल्या, फळ्यांवर सायलेन्सरचे ढीग, भिंतींवर पानाच्या पिंका. बफिंगवाल्याच्या दुकानात कापडी चाकं घरघरत होती आणि हवेत काळी लव उडत होती. ती जिभेवर बसायची. मी ओढणी नाकाला धरून उभी राहिले. बाबांनी झाकण कागदातून सोडवलं, नावावर बोट ठेवलं आणि चाकांच्या घरघरीतून मोठ्याने सांगितलं, "ये नाम है ना, ये अच्छा उठा देना. बिल्कुल उठा देना."

मला त्या वाक्यात काहीही वावगं वाटलं नाही. मी त्यांचीच मुलगी. अक्षरं उठवायची म्हणजे ठसठशीत करायची, उठून दिसतील अशी.

दुकानदार म्हणाला, "बिल्कुल, अंकल. चाय पीके आओ."

आम्ही चहा पिऊन आलो. पेल्याच्या तळाशी माशी होती, हे मी बाबांना सांगितलं नाही. दुकानदाराने झाकण दोन्ही हातांनी पुढे केलं, आरती घेऊन यावं तसं. "लो अंकल, उठा दिया. एक अक्षर नहीं बचा."

झाकणाचा आरसा झाला होता. अख्खी गल्ली त्यात दिसत होती, पिंकांसकट. नाकाला ओढणी लावलेली, कपाळाला आठ्या घातलेली एक बाईही दिसत होती. मला तिचीसुद्धा शिसारी आली.

बाबांनी झाकणावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. "मैंने उठाने को बोला था," ते म्हणाले.

"तो उठा दिया ना!" दुकानदार आमच्या तोंडांकडे पाहत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. "अरे यार. उभारना बोलना था ना, अंकल! उठाना मतलब तो हटाना."

शेजारच्या दुकानातलं कोणीतरी हसलं. मला त्या माणसाच्या तोंडावर ती काळी पेस्ट फासावीशी वाटली. मी मराठीतून शिव्या द्यायला सुरुवात केली, कारण रागात मला हिंदी येत नाही. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्याने सांगितलं तेच केलं गं," म्हणाले. हात काळा होता, कुडत्यावर ठसा उमटला.

दुकानदार बिचारा ओशाळला. पलीकडे बर्तनांच्या दुकानात नाव घालून देतात, म्हणाला, आणि स्वतः आम्हाला घेऊन गेला. तिथे एक म्हातारा विजेची सुई घेऊन स्टीलच्या डब्यांवर नावं घालत बसला होता. सुईचा आवाज दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा. त्याने झाकण मांडीवर घेतलं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि वर न बघता विचारलं, "नाम?"

बाबांनी सवयीने कोऱ्या झाकणाकडे बोट दाखवलं.

आणि तिथे, त्या कर्कश आवाजात, माझ्या ध्यानात आलं की बाबांच्या तोंडून आईचं नाव मी जन्मात ऐकलेलं नाही. ती त्यांना 'अहो' म्हणायची, ते तिला 'अगं' म्हणायचे, माझ्याशी बोलताना 'तुझी आई'. नाव ठोकून आणलं ते इंजिनावर. ती गेली त्या दिवशीही डॉक्टरांना नाव मीच सांगितलं होतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात बाबांनी हात आडवा केला.

त्यांनी नाव घेतलं. अगदी हळू.

"क्या?" म्हातारा म्हणाला. "ज़ोर से बोलो, साहब."

बाबा ओरडले. गटारावरच्या फळीवर उभे राहून, भर बाजारात, काळे हात तोंडाशी धरून माझ्या आईचं नाव ओरडले. दोन बायका वळून बघायला लागल्या. म्हाताऱ्याने मान डोलावली, सुई टेकवली आणि पहिलं अक्षर काढायला घेतलंही.

त्याला नीट ऐकू गेलं होतं. तरी बाबांनी ते नाव आणखी एकदा घेतलं.