कडावची बाई आणि पनवेलचा नियम

कर्जतच्या ज्या हॉस्पिटलात मी डॉक्टर म्हणून नोकरीला लागले, ते आमच्या मोठ्या डॉक्टर सरांचं होतं. वय झालं, मुलं परदेशात. सरांनी ते मुंबईच्या एका कंपनीला विकलं. मी त्यांना दोष दिला नाही. कंपनीने एसी बसवले, नवी अँब्युलन्स आणली. औषधांची खरेदी मात्र मुंबईहून व्हायला लागली आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन बंद झालं. क्वचित लागतं, मुदत संपून वाया जातं, हे कारण. मी पुन्हा पुन्हा मागितलं. उत्तर ठरलेलं : असा पेशंट आला की आपल्या पनवेलच्या हॉस्पिटलला पाठवा.

भातकापणी चालू होती. सकाळच्या ओपीडीत कडाव गावाहून एका बाईला मोटरसायकलवर मधे बसवून आणलं. पुढे नवरा, मागून दिराने धरलेलं.

"नाग होता. पेंढी उचलाया गेली नि हाताला डसला," नवरा म्हणाला.

हात कोपरापर्यंत सुजला होता. तिला डोळे उघडायला सांगितलं, तर पापण्या अर्ध्यावर थांबल्या. थुंकी गिळवत नव्हती. विष श्वासापर्यंत पोचत आलं होतं. हाताशी होती ती औषधं दिली आणि सरकारी रुग्णालयात फोन लावला. त्यांच्याकडे इंजेक्शन होतं.

"अँब्युलन्स काढा, सरकारी रुग्णालयात जायचंय," मी मॅनेजरला म्हटलं.

"मॅडम, आपली अँब्युलन्स फक्त पनवेलला जाते. वरून परवानगी लागेल."

"पनवेलपर्यंत ती टिकणार नाही. घ्या परवानगी."

त्याने फोन लावला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. "थांबायला सांगतायत."

"डॉक्टरबाई, ती बोलत नाय आता," नवरा म्हणाला.

गेटवर पाण्याचे जार उतरवणारा टेंपो उभा होता. मी ड्रायव्हरला विचारलं. त्याने उरलेले जार खाली ठेवले आणि मागचा फाळका पाडला. गादी टाकून तिला आडवी केली. सिस्टरने ऑक्सिजनचा सिलेंडर धरला, मी तोंडावर मास्क दाबून श्वास द्यायची पिशवी दाबत राहिले. पुलावर गाड्या अडकल्या होत्या. दीर उडी मारून उतरला आणि ओरडत वाट करत पुढे धावला. तोवर तिची छाती आपणहून हलायची थांबली होती. मी पिशवी दाबली की वर यायची, तेवढीच.

सरकारी डॉक्टर दारातच इंजेक्शन घेऊन तयारीत होते.

दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. नवऱ्याला पहिलं विचारलं, "म्हशीला पाणी दावलं का रं?"

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या साहेबांनी व्हिडिओवर मला आणि मॅनेजरला बोलावलं. टेंपोत काही झालं असतं तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं. प्रश्न खोटा नव्हता, म्हणूनच मला तो जास्त लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "मीच मॅडमना जायला सांगितलं."

त्याने असं काही सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाला, "डॉक्टर मिळत नाहीत मॅडम इकडे. मॅनेजर मिळतात."

महिन्याभरात त्याची बदली झाली. इंजेक्शन परत आलं, कुणामुळे ते कळलं नाही. अँब्युलन्स अजून पनवेललाच जाते. मी तिथेच काम करते, आणि सापाचा पेशंट आला की इंजेक्शन देतानाच टेंपोवाल्याचा नंबरही शोधून ठेवते.