विहारातली साडेपाचची बैठक

आषाढ पौर्णिमेच्या संध्याकाळी, वर्षावासाचं पहिलं ग्रंथवाचन संपल्यावर, आमच्या गावच्या विहार समितीनं माझ्या वहिनीच्या हातात विहाराची किल्ली दिली. अटी तीन होत्या. रोज सकाळी साडेपाचला विहार उघडायचा. ध्यानाला किमान पाच जण बसायला हवेत. आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाचे तीन महिने, एकही खाडा नको. खाडा पडला तर किल्ली परत.

समितीचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं. त्यांना तो सकाळचा तास पोलीस भरतीच्या पोरांच्या अभ्यासिकेसाठी हवा होता. त्यांचं म्हणणं त्यांनी भर बैठकीत मांडलं.

"छप्पन साली आपले डोये उघडले. आता तू मिटाले सांगून राह्यली?"

वहिनी म्हणाली, "एक तासच मिटतो, गुरुजी. बाकीचे तेवीस उघडेच हायेत."

लोक हसले. गुरुजी हसले नाहीत, पण अटी लिहून घेऊन त्यांनी किल्ली दिली.

गाव घाटंजी तालुक्यातलं. वहिनी शेतमजुरी करते. आदल्या हिवाळ्यात ती आणि मी दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला गेलो होतो. मी पेपरला तालुक्याच्या बातम्या पाठवतो. शिबिरावर काही लिहिता येईल म्हणून गेलो. ती का आली हे तिनं परतीच्या बसमध्ये सांगितलं. ती पोरीला मारायची. पोरगी नववीत. कामावरून आलं, चूल पेटली नसली, पाणी भरलेलं नसलं की हात उठायचा. "मारून झाल्यावर माह्याच हाताची मले लाज वाटे, भाऊजी," असं ती म्हणाली.

शिबिरात सांगितलं होतं, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, रोज. घरी आल्यावर अडीच महिने तिनं ते पाळलं. त्या अडीच महिन्यांत पोरीवर हात उठला नाही. मग बैठक मोडली. घर दोन खोल्यांचं. माणसं सहा, एक टीव्ही, एक शेळी. ती भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि कोणी तरी कपाळाला बाम लावायला यायचं. माझ्या भावानं दोनदा ताप पाहिला. सासूनं मीठमिरची उतरवली. वहिनी मला म्हणाली, "घरात बाईनं दिवसा डोये मिटले की ती बिमारच असते. दुसरं कारण कोणाले सुचत नाही." बैठक सुटल्यावर महिन्याभरात तिनं पोरीला पुन्हा मारलं. त्याच आठवड्यात तिनं समितीकडे अर्ज केला. गावात दार लावून शांत बसता येईल अशी एकच जागा होती, विहार.

पहिल्या सकाळी आम्ही पाच जण होतो. वहिनी, मी, तिच्यासोबत निंदणाला जाणाऱ्या दोन शेजारणी आणि एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. आमच्याकडे विहारात जे होतं ते माइकवर होतं. वंदना माइकवर, लग्नाचं आमंत्रण माइकवर, रेशन आल्याची खबर माइकवर. त्या सवयीनं वहिनीनं भोंग्याचं मशीन चालू केलं, त्रिसरण पंचशील घेतलं आणि माइक समोर सतरंजीवर ठेवला. मग आम्ही डोळे मिटले. मशीन बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.

आमच्या वस्तीत पंचशीलानंतर भोंगा गप्प झाला की त्याचा अर्थ एकच असतो. कोणी तरी गेलं आहे आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आहे. लोक घरातल्या घरात उभे राहतात. त्या सकाळीही उभे राहिले. दोन मिनिटं झाली, पाच झाली, नाव काही जाहीर होईना. भोंग्यातून कावळा ऐकू आला. मग खोकला. पाऊण तास होत आला तेव्हा घोरणं ऐकू आलं. ते कंडक्टर होते.

साडेसहाला आम्ही डोळे उघडले तेव्हा दारात पंचवीसेक माणसं उभी होती. एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावलेला होता.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कोणीच नाही गेलं," वहिनी म्हणाली. "ध्यान होतं."

"मंग घोरून कोण राह्यलं होतं?"

कंडक्टर म्हणाले, "घोरलो असन मी. पण आसन सोडलं नाही, हे लिहून घ्या."

गुरुजीही आले होते. त्यांनी मशीनची वायर स्वतः काढली आणि गुंडाळून कपाटात ठेवली. "गावाले तासभर उभं ठेवलं तुम्ही," ते म्हणाले. मी त्यांना विचारलं, हा खाडा धरायचा का. त्यांनी अट आठवून पाहिली. "विहार उघडला. पाच जण बसले. खाडा नाही," असं म्हणून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सात जण बसले. वाढलेले दोघं आदल्या दिवशी मयत कोणाची हे पाहायला आलेल्यांपैकी होते. ते आठवडाभर आले आणि बंद झाले. पुन्हा आम्ही पाच.

मी वहीत रोजची हजेरी लिहीत होतो. वहिनीचं संध्याकाळचं बसणंही सुरू झालं होतं, ग्रंथवाचनाआधी, विहारातच. पोरीवर हात उठला का हे मी विचारत नव्हतो. आमची घरं एकाच भिंतीला लागून आहेत. ऐकू आलं असतं.

श्रावणात आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी उघाड पडली. कपाशीत आणि सोयाबीनमध्ये गवत माजलं होतं आणि प्रत्येक शेतकऱ्याला निंदायला बाया त्याच दिवशी हव्या होत्या. वहिनीची टोळी बारा जणींची. टोळीची प्रमुख एक साठीची बाई, सगळ्या तिला मावशी म्हणतात. टोळीचा नियम जुना आहे. काम बारा जणींच्या हिशेबानं ठरतं, म्हणून गेल्या तर बाराही जातात. एक कमी असली तर गाडी हलत नाही. एकीच्या जागी बाहेरची घेत नाहीत. एरवी गाडी आठला यायची. त्या संध्याकाळी मावशी आमच्या अंगणात आली.

"सकाळी साडेपाचले गाडी येते व. डबा लवकर भरजो."

"मले साडेसहाशिवाय निघता येत नाही, मावशी."

"काहून? एक दिवस सुट्टी माग की तुह्या भगवंताले."

"सुट्टी घेतली तं किल्ली जाते."

"अन् तू नाही आली तं वावर जाते. बारा मंजे बारा."

दोन्ही शेजारणी त्याच टोळीतल्या. तिघी गेल्या तर विहारात उरणार होतो कंडक्टर आणि मी. तासाभरात पाचाची सोय होईल असं कोणी सापडलं नाही. मी सहा घरी विचारलं. सगळ्या घरांतली माणसं पहाटेच शेतात निघणार होती. वहिनीनं किल्ली माझ्याकडे दिली. "उद्या तुम्हीच उघडा, भाऊजी. दोघं तं दोघं. लिहाचं तसं लिहा," ती म्हणाली.

सकाळी पाच पंचवीसला मी विहार उघडला. कंडक्टर आले. आम्ही सतरंजी अंथरली. साडेपाचला दोन मिनिटं कमी असताना गल्लीतून डब्यांचा आवाज आला. पुढं मावशी होती. मागं अकरा जणी. सगळ्यांनी डबे आणि खुरपी पायरीवर ओळीनं ठेवली.

मावशी म्हणाली, "बारा मंजे बारा. गाडीत बारा तं इथंही बारा. कुठं बसाचं थे दाखव लवकर."

वहिनीनं जागा दाखवली. नऊ जणी आयुष्यात पहिल्यांदाच बसत होत्या. वहिनीनं एवढंच सांगितलं, "नाकातून श्वास येते अन् जाते, थे पाहा. मन पळालं तं वापस आना. दुसरं काही करू नका."

"एवढंच?" मावशी म्हणाली. "थे तं जन्मल्यापासून चालूच हाये."

"चालू हाये, पण पाह्यलं कोण?"

पाच पस्तीसला गाडीचा हॉर्न वाजला. तो पाच मिनिटं वाजत राहिला. मग मोटारसायकल आली. ज्याच्या शेतात जायचं होतं तो शेतकरी चपला काढून दारात आला.

"अवं बायांनो, वावरात गवत गुडघ्याले लागलं अन् तुम्ही इथं…"

वाक्य त्यानं पूर्ण केलं नाही. आत चौदा माणसं डोळे मिटून बसलेली होती. त्यातल्या बारा त्याची मजुरी करणार होत्या. मावशी डोळे न उघडता बोलली.

"साडेसहाले निघतो, पाटील. अर्धं वावर ठेवून आज घरी येणार नाही. आता बोलू नका, माहा श्वास चुकला."

तो पायरीवर खुरप्यांच्या शेजारी बसला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. साडेसहाला बारा जणी उठल्या. एकीचा पाय इतका बधिर झाला होता की तिला दोघींनी धरून गाडीत चढवलं, आणि ती गाडी वळेपर्यंत हसत होती. संध्याकाळी पाचला ते शेत निंदून संपलं. मी जाऊन पाहिलं. एकही पट्टा राहिला नव्हता.

त्या दिवसाची हजेरी चौदा. पुढच्या सकाळी अकरा. पुढच्या झडीनंतर उघाड पडली तेव्हा त्याच शेतकऱ्यानं स्वतःहून गाडी पावणेसातला पाठवली. पोळ्याच्या सकाळी विहारात सतरा जण होते. टोळीतल्या बारापैकी नऊ जणी शेवटपर्यंत टिकल्या. मावशी त्या नवांत होती. घाटंजीच्या बाजारात तिनं दुसऱ्या गावच्या टोळीला सांगितलं की आमची टोळी आधी बसते, मग निंदते. हे मी तिच्या शेजारी उभा राहून ऐकलं.

आश्विन पौर्णिमेला सकाळी नऊला समितीची बैठक झाली. हॉल भरला होता. गुरुजींनी माझी वही मागितली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत वाचली. एकोणनव्वद सकाळी. पाचाच्या खाली एकही आकडा नव्हता.

"अट पाळली," ते म्हणाले. "आता एक सांग. डोये मिटून भेटलं काय?"

वहिनी उभी राहिली. "मी पोरीले मारत होती. आता मारत नाही," ती म्हणाली.

हे घराबाहेर तिनं पहिल्यांदाच सांगितलं होतं, आणि माइक नसतानाही ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. गुरुजींनी बायकांच्या बाजूला पाहिलं. पोरगी तिथंच बसली होती.

"खरं हाये का व?"

"हो, गुरुजी. आषाढापासून एकदाही नाही," पोरगी म्हणाली. "बोलते मात्र लय."

पहिल्यांदा मावशी हसली, मग सगळा हॉल. वहिनीही हसली. माझा भाऊ मागून म्हणाला, "थे बोलणं मलेही लागू हाये." गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि ठराव स्वतःच्या अक्षरात लिहिला. सकाळी साडेपाच ते साडेसहा विहार ध्यानासाठी कायम. साडेसहापासून अभ्यासिका. किल्ली वहिनीकडे. त्यांनी हात वर करायला सांगितलं. मी मोजले नाहीत, कारण खाली एकही हात दिसत नव्हता. गुरुजींचाही वर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला विहार उघडला. एकतीस जण बसले. साडेसहाला भरतीची पोरं पुस्तकं घेऊन आत आली. पावणेसातला टोळी सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला गेली.