पाठमोरा पडदा

चैत्रात कडुलिंब फुलतो, त्याचा तो कडवट-गोड गंध खिडकीतून आत येतो, आणि माझ्या पोटावर अजूनही एक गारवा पसरतो. तेव्हाच्या औरंगाबादेत, एका सोनोग्राफी केंद्रात, बाहेर ऊन रणरणत असताना पोटावर ओतलेल्या बुळबुळीत जेलचा तो गारवा. पहिलंच गरोदरपण, पाचवा महिना. पाचोडहून सकाळच्या एसटीनं सोबत सासूबाई आल्या होत्या, त्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणं आत्याबाई म्हणत असे.

खोलीत शीतल अंधार होता आणि यंत्राचा पडदा डॉक्टरांकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभा होता. इथं गर्भलिंगनिदान होत नाही, अशी पाटी दारावरच होती, म्हणून त्या पाठीचं मला नवल वाटलं नाही. तरुण डॉक्टर गावाकडच्या उन्हाची चौकशी करत होते. मग पोटावरून फिरणारा त्यांचा हात एका जागी थबकला, पुढे गेला, पुन्हा तिथंच आला, आणि त्यांचं बोलणं थांबलं. “थोडा वेळ बाहेर बसा, मोठ्या मॅडम येऊन पुन्हा बघतील,” एवढंच ते म्हणाले.

बाहेर बाकावर मी हे सांगितलं मात्र, आत्याबाईंचा चेहरा उजळला. पदरी तीन मुलगे, लेकीची हौस मनातच राहून गेलेली. “पोरगीच हाय बघ,” त्या माझ्या कानाशी लागल्या. “पोरगी दिसली म्हनून गप झाला त्यो. कायद्याला भेतेत हे लोक. बोलला नाय, पर मला समजलं.”

मलाही ते पटलं. इतकं सहज पटलं, की आज आठवलं तरी जीव गलबलतो. जन्माआधी बाळासाठी काही घ्यायचं नसतं, असं मला बजावणाऱ्या आत्याबाईच लगबगीनं शहागंजात गेल्या आणि एक पिवळंधमक झबलं घेऊन आल्या. तोवर मी त्या बाकावर लेकीचं नाव ठेवलं होतं, तिच्या वेणीला रिबीन बांधली होती, तिला वेरूळची लेणी दाखवून आणली होती, आणि दमलेली ती माझ्या खांद्यावर झोपलीही होती. एवढं सुख मी त्यापूर्वी कधी भोगलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

मॅडम आल्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो पडदा माझ्याकडे वळवला. मला वाटलं, आत्याबाईंनी गळ घातली असणार, म्हणून नियम मोडून माझी लेक मला दाखवताहेत. राखाडी, धूसर उजेडात ती अंगाचं मुटकुळं करून निजली होती, अगदी शांत. मी हसले.

“इथं ठोके दिसायला हवे होते,” मॅडम हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सगळं रिकामं झालं. नर्सनं कापडात गुंडाळून जे नेलं, त्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही; मी डोळे घट्ट मिटून घेतले. आत्याबाई मात्र तिच्यामागं बाहेर गेल्या. खूप वेळानं परतल्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि झबल्याची घडी घालत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पोरगीच व्हती.”

खिडकीबाहेर कडुलिंबाचा फुलोरा झडत होता. आत्याबाईंची पाठ तेवढी मला दिसत होती. त्यांना हाक मारावी, त्यांनी वळून बघावं, म्हणजे त्या खरं बोलल्या की माझ्यासाठी बोलल्या ते चेहऱ्यावरून कळेल, असं क्षणभर वाटलं. आता त्याही नाहीत, आणि विचारायला कुणी उरलेलं नाही.

हाक मी मारली नाही. मला माझी लेक हवी होती.