पळ्यांची फुलदाणी

देवपूजासुद्धा मी बायकोच्या धाकाने करतो, तेव्हा बाकीच्या गोष्टींवर विश्वास असण्याचा प्रश्नच नव्हता. पण २०१४ मध्ये सिंगापूरला जे घडलं, ते लिहून टाकतो...

आम्ही बुकित तिमाह भागातल्या एका सोसायटीत राहायचो. मला जुन्या अमेरिकन फुलदाण्यांचा नाद—शंभरेक वर्षांपूर्वीच्या, भाजलेल्या मातीच्या, हाताने घडवलेल्या. अकरा जमल्या होत्या. बारावी, काकडीच्या सालीसारखी हिरवी, अंगावर पानं कोरलेली, मी तीन वर्षं ऑनलाइन लिलावांत शोधत होतो.

ती मिळाली नीलेशला. ऑफिसात माझ्याच टीममधला, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलला. यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. घर आवरून परत निघालेल्या एका अमेरिकन कुटुंबाने सामानासोबत देऊन टाकली म्हणे. त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा पाहिली—त्याच्या बायकोने, वैशालीवहिनींनी, तिच्यात पळ्या आणि उलथनी ठेवली होती.

"छान मावतात हो," त्या म्हणाल्या.

मी हसलो. पण जेवताना सारखा ओट्याकडेच बघत होतो.

पुढे ते दोघं एका लग्नासाठी पुण्याला गेले. तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. रविवारी सकाळी पाणी घातलं, पळ्या ओट्यावर काढल्या आणि फुलदाणी टॉवेलात गुंडाळून घरी आणली. चोरायची नव्हती... दोन दिवस माझ्या कपाटात बघायची होती. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

दुपारी घरी एकटाच होतो. टिंग... काचेवर नख मारल्यासारखा आवाज. मग पुन्हा. पुन्हा. ग्लेझला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, तडा जाताना असाच आवाज येतो. नीलेशला काय सांगू? भिंग घेऊन हिरवी फुलदाणी इंच इंच तपासली. एक चरा नाही.

तडे माझ्या फुलदाण्यांना गेले होते. अकराच्या अकरा. प्रत्येकीवर काठापासून बुडापर्यंत केसाएवढी एक सरळ रेघ. सकाळीच पुसल्या होत्या, तेव्हा काही नव्हतं.

संध्याकाळच्या आत हिरवी फुलदाणी पुंगोलला नेऊन ठेवली, पळ्या पुन्हा तिच्यात घातल्या.

एका जाणकाराला फोटो पाठवले. तो म्हणाला, दमट हवा. पण तीन वेगवेगळ्या ठिकाणी घडवलेल्या अकरा फुलदाण्या, एकाच दुपारी, सारखीच रेघ?

परतल्यावर त्यांनी जेवायला बोलावलं. वहिनींनी फुलदाणी धुऊन, पुसून माझ्यापुढे धरली.

"दादा, तुमची नजर सारखी हिच्यावर असते. घेऊन जा ना. पळ्यांना काय, डबाही चालेल."

"नको वहिनी."

त्यांना वाटलं, मी संकोचतोय. खरं सांगतो... नको म्हणतानासुद्धा पोटात जळतच होतं.